शहनाजचा थर्ड क्लास

— न्हाई न्हाई, साहेब, तिथं नका बसू, ती बाज पार ढिली झालीय, बसलात की बूड जमिनीला टेकंल आन मग मलाच तुमाला ओढून काढावं लागंल — इकडं या, ओसरीत, ह्या घोंगडीवर, भिंतीला पाठ लावून आरामात बसा. डोकं जपा बरं, वर देवळी हाय. त्यातल्या बाटल्यांना धक्का नका लावू, तुमच्याच हायेत त्या. माझ्या कशाला असतील हो हिरव्या पाण्याच्या बाटल्या! आमच्या देवळीत देव होते, ते खाली चुलीपाशी उतरवले आन शेजारच्या शहनाजच्या शेवाळाला जागा दिली, थंडावा लागतो म्हणे त्याला. घ्या, पाणी प्या. गाळलेलं हाय, शेवाळ न्हाई त्यात — हसलात! म्हणजे तुमीच ते, पीएचडीचे गाईड सर. यष्टीतून उतरून तुमी पाशाभाईच्या सायकलच्या दुकानाला कुलूप बघितलं, मग त्यांचं घर विचारत आलात, तवाच मी ओळखलं. शेणी लावता लावता बघून राहिले होते मी. आपल्या गल्लीत कोण आलं, कुणाकडं आलं, हे ठाऊक नको का माणसाला?

आन शहनाजच्या आईचा, खतीजाबीचा राग मानू नका. पडद्याआडूनच बोलली ना, 'घर में कोई नहीं' म्हणून? ती सोता घरात हाय, पण गडीमाणूस नसला की परक्या माणसाला ती आत घेत न्हाई, आन असा पाहुणा मग माझ्या ओसरीत येतो. ही आमची पहिल्यापासूनची रीत. तिचा पाहुणा माझ्याकडं, आन माझा व्याही अवचित आला, आमी रानात असलो, की तो पाशाभाईच्या दुकानात चहा पीत बसणार. लेक-बाप दोघंबी साखऱ्याला गेलेत, तिथल्या कोण्या पडक्या विहिरीला निळं शेवाळ आलंय म्हणं. बाप सायकल हाणतो, ही मागं कॅरेजवर, मांडीत बाटल्यांची पिशवी. तिसऱ्या पारापर्यंत येतील. तोवर बसा, मी चहा टाकते. — कसला आवाज म्हणता? मशीन हो, खतीजाची शिलाई मशीन. सकाळी सुरू होते ती दिवेलागणीला थांबते. ती चालू असली म्हणजे तिला जगाचं काही ऐकू जात न्हाई, आन मलाबी मोकळं बोलता येतं. मधे एकच भिंत हाय ना दोघींच्या घरात.

काय सांगू तुमाला त्या शेवाळापायी झालेले तमाशे! आमी जलमभर बारवेच्या पायऱ्यांवरचं शेवाळ काथ्यानं घासून काढलं, पाय घसरू नये म्हणून, आन ही पोरगी तेच चिमटीनं उचलून बाटलीत भरते, वर चिकटपट्टी लावून लिहिते — कोणची विहीर, कोणच्या बाजूचा दगड, ऊन येतं का न्हाई. लोक काय म्हणायचे थोडं? पाशाची पोरगी यडी झाली, चेटूक करून राहिली, सगळं म्हणून झालं. मागं दगडोबाच्या विहिरीवर गेली तर तो काठी घेऊन धावला — मुसलमानाची पोरगी माझं पाणी बाटवते म्हणून. मी संगं होते. मी म्हणले, दगडोबा, त्या पाण्यात कुत्रं पडून मेलं तवा बाटलं न्हाई का रे? तुझ्या म्हशी उतरतात तवा? आन ही वरचं हिरवं काढून नेते, तुझी विहीर फुकटात साफ करून देते, तर बाटलं व्हय? काठी टाकून म्हशी हाकत गेला. आता सोताच निरोप धाडतो, ताई, माझ्याकडं नवीन आलंय, लाल झाक हाय, बघून जा. ताई म्हणतो हो तिला! मग ते तुमी लोक बघता काचेतनं, आन त्यात काय काय जीव असतात म्हणे. मला दाखवलं तिनं एकदा हिंगोलीच्या कॉलेजात नेऊन. एक डोळा झाकायचा तर मी दोन्ही झाकले, काय दिसणार कपाळ! दुसऱ्या बारीला दिसलं. मण्यांची माळ तुटून पडावी तसं. हिरव्या मण्यांची. मी बघतच राहिले.

साखर जास्ती घालू का? न्हाई? बरं. — हां, बोला. तसा तुमचा चेहराच सांगून राहिला की तुमी शेवाळ बघायला आला न्हाईत. कमिटी, ना? मला ठाऊक हाय सगळं. मागच्या खेपेला ती कमिटीपुढून आली तवा याच घोंगडीवर बसून तिनं सांगितलं मला. पाच-सहा जण बसले होते, चष्मे लावून, आन एकानं तिचा बी.एस्सी.चा निकाल बोटानं दाबून धरला — हे काय, थर्ड क्लास? थर्ड क्लासचं लेकरू पीएचडीला कसं घ्यायचं? व्हय ना? असंच ना? अहो साहेब, मी तर चौथी शिकलेली, तीबी निजामाच्या राजात, उर्दूचं अलिफ-बे गिरवून. पण हिंगोलीच्या टेसनात जाऊन बघा, रेल्वेनं सुद्दा थर्ड क्लास काढून टाकला, त्याच डब्यावर सेकंड लिहिलं, तीन साल झाले. लाकडी बाकाचा डबा सुधरला, आन तुमी माणसाचा धरून बसलात? तिची एम.एस्सी. बघा की! फर्स्ट क्लास! ते न्हाई दाबलं कुणी बोटानं?

ती एम.एस्सी. तरी कुणी सुखासुखी दिली? थर्ड क्लास म्हणून ह्या यादीत न्हाई, त्या यादीत न्हाई. पाशाभाई दर बारीला युनिव्हर्सिटीत जायचा, पाटीवरच्या याद्या वाचायचा, आन रातच्या गाडीनं परत. मग कुणी एक पोरगा डाक्तरीला लागला म्हणून जागा सोडून गेला, झाडापाल्याच्या त्या शिक्षणाला दुसरं कुणी येईना, तवा शेवटच्या दिवशी हिला बोलावलं. उष्टं ताट म्हणा. पण साहेब, ते ताट तिनं असं चाटून पुसून खाल्लं की वर्गात वरून दुसरी आली. तुमीच शिकवलं ना तिला? मग तुमाला तर ठाऊक हाय. आन मधल्या दोन सालाचं होस्टेल, पुस्तकं, जाणं-येणं कशावर झालं, तर ह्या मशीनवर. खतीजा त्याआधी मशीनला हात लावत नव्हती बरं का, घरातल्या लेकरांची झबली तेवढी शिवायची. ज्या साली पोरीचा निकाल लागला त्या सालापासून जी बसली ती बसलीच. परकर शिवते, पोलकी शिवते, दर्ग्याच्या चादरीला झालर लावते. मी म्हणते, अगं कंबर मोडंल. तर म्हणते, मोडू दे.

काय म्हणता? कारण? कसलं कारण पायजे?

अस्सं. म्हणजे तुमी तिच्या बाजूचे हायात, पण कमिटीपुढं ठेवायला तुमाला काहीतरी पायजे. उद्या बसणार कमिटी. त्या साली घरात आजारपण होतं, दुष्काळ होता, काहीतरी, म्हणजे त्यांच्याबी मनाला बरं वाटंल आन पोरीचं काम होईल. ती तर तोंड उघडत न्हाई. तिला तिथं विचारलं तर काय म्हणाली? — 'कारण काही नाही, मला तेवढेच मिळाले.' तेच सांगितलं तिनं मलाबी. आन तुमी म्हणलात, जाऊ या गावाला, शेजारीपाजारी विचारू, कुणीतरी सांगंल. आन शेजारी कोण, तर जनकाबाई, जिच्या तोंडाला झाकण न्हाई. चांगल्या ठिकाणी आलात! पण ऐका. दुष्काळ बहात्तरचा, पेपर चौऱ्याहत्तरचे. दुष्काळात तर हिला सगळ्यात जास्ती मार्क पडले होते, खडी फोडायच्या कामावरून यायची, आईच्या हातची भाकरी खायची आन पुस्तक उघडायची. आजारपण म्हणाल तर ह्या पोरीला मी कधी शिंकताना बघितलं न्हाई. बाप दारू पीत न्हाई. आई मारत न्हाई. काय लिहिता? लिहा की, कारण काहीच न्हाई. लागले मार्क कमी. माणसाला एकांदं साल कमी मार्क पडू नये असा कायदा हाय का? आमच्या रानात एका साली हायब्रीड जवारी पिकते चांगली, दुसऱ्या साली पिकत न्हाई. म्हणून काय रान इकून टाकायचं? दया पायजे त्या कमिटीला, म्हणजे कुणाचा बाप मेलेला पायजे, मगच घेणार? न्हाई मेला तिचा बाप. सायकल चालवून राहिला साखऱ्याच्या वाटेनं. तुमच्या कमिटीपायी त्याला काय मेलेला म्हणायचं?

चहा घ्या, गार होऊन राहिला. — व्हय, मी रागावले. मग न्हाई रागावणार?

... बघा, तुमी हुशार माणूस, तुमी बराबर धरलं ते. पहिल्या साली वर, दुसऱ्या साली त्याहून वर, आन शेवटच्या साली एकदम खाली, तेबी एका विषयात न्हाई, सगळ्याच विषयात सारखंच खाली. जसं कुणी सुतानं मापून कापलं. आन परीक्षकानं लिहिलेलंबी कळलं म्हणता तुमाला — जे लिहिलं ते सगळं बराबर, पण निम्मं लिहिलंच न्हाई. मला काय विचारता? मला काय ठाऊक! मी थोडीच होते पेपरात? तुमी असं बघू नका बरं माझ्याकडं. मला खूप ठाऊक असतं, मान्य हाय, ह्या गल्लीत कुणाच्या घरी कुकर आला, कुणाची सून माहेरी काहून गेली, मुंजाजीच्या घरची म्हैस कोणी चोरली, सगळं ठाऊक असतं आन मी सांगतेबी. आमचे मालक, ग्यानोबा, म्हणतात, गावात रेडिओ न्हाई लागत, आपल्या घरी हाय. पण एक गोष्ट मी — न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. ही एकच गोष्ट हाय जी मी कुणाला सांगितली न्हाई. मालकाला सुद्दा न्हाई.

अहो बसा, उठू नका. शहनाज आल्याशिवाय कसे जाता? यष्टीला अवकाश हाय.

बघा साहेब, ती वरची देवळी हाय ना, ती आरपार हाय. बाटल्यांच्या मागं फळी दिसते ना, ती नुसती टेकवलीय. पलीकडं तिची देवळी. तिची सासू आन माझी सासू होत्या, त्यांच्या वेळची ती. चूल पेटवायला विस्तव तिथून, लिंबू तिथून, ईदीचा शीरखुर्मा तिथून इकडं, दिवाळीच्या करंज्या तिकडं. आन चूल माझी त्याच भिंतीला. आता मी कान लावून बसते असं लोक म्हणतात. कान काय लावायचा, कान हायेच तिथं, मी भाकरी थापते तर कान काढून ठेवू का परातीत? आन निजामाच्या शाळेनं एवढं केलं की त्यांची बोली मला आपल्यावानी कळते. — मशीन चालू हाय ना? हां. मग सांगते. पण लिहायचं न्हाई. कमिटीला न्हाई, कुणाला न्हाई. सोताला कळायला म्हणून सांगते, म्हणजे तुमी उगं त्या पोरीला ढ समजून जाऊ नये.

त्या साली, पेपरांच्या आधी थंडीत, आखाडा बाळापूरहून स्थळ आलं होतं. चांगलं घर. बाजारात दुकान, पोरगा मास्तर, बी.एस्सी. सेकंड क्लास. त्यांच्या जमातीत इकडं पोरं मॅट्रिकच्या पुढं कुठं जात होती? हे पोरगं शिकलेलं, दिसायला बरं, शिकलेलीच बायको पायजे म्हणणारं. शहनाजबी न्हाई म्हणाली न्हाई, कारण तो म्हणाला होता, लग्नानंतर शिकव पोरींच्या शाळेत. ह्या पोरीनं तोंड फिरवून हसून घेतलं, मी बघितलं, मीच पान लावत होते ना. सगळं जमलं. उठता उठता त्या पोराची फुफी, म्हणजे आत्या, अशी भारदस्त बाई, नाकात मोरनी, ती खतीजाच्या हाताला धरून हसत हसत म्हणाली — पोरगी लई हुशार हाय म्हणं तुमची, फर्स्ट येती म्हणं. बघा बरं का, आमच्या पोराच्या वर नको जाऊ द्या, घर उलटं होईल. हसली आन गेली. मस्करीत म्हणाली का खरं म्हणाली, अल्ला जाणे. पण खतीजानं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

दोन-चार दिसांनी, दुपारची वेळ, मी वांगी चिरून राहिले होते, आन भिंतीपलीकडून आवाज. खतीजा म्हणत होती, 'बेटा, एक सवाल छोड दे.' मला वाटलं कसलं सवाल, देण्याघेण्याचं असंल. तर पुन्हा — 'हर पेपर में जरा जरा छोड दे. लोगां अच्छे हैं. तेरे अब्बा को रिश्तों के लिए कित्ता फिराऊँ मैं?' माझ्या हातातलं वांगं काळं पडलं तरी मी तशीच. मग पोरगी म्हणाली, 'अम्मा, पास हो जाऊँ इत्ता तो लिखूँ ना?' — असं विचारलं हो तिनं. भांडली न्हाई, रडली न्हाई. जसं भाजीत तिखट किती टाकू विचारावं तसं. त्यावर खतीजा म्हणाली, हां, हां, पास तो हो, सेकंड आ, बस उसके नीचे. आता तुमीच सांगा, साहेब, ज्या बाईनं कधी शाळा बघितली न्हाई तिला काय ठाऊक की मार्क म्हणजे मीठ न्हाई, चिमूटभर कमी टाकलं आन झालं! पोरीनं आपल्या हिशेबानं सोडले प्रश्न, काठावरचा सेकंड क्लास पडंल इतके. आन त्या साली पेपर तपासले कडक. दुसऱ्या पोरांचे चार-सहा मार्क गेले तर त्यांना काय फरक, त्यांनी सगळं लिहिलं होतं. हिचे तेवढेच गेले आन ही घसरली थर्डात. पहिली येणं अवघड म्हणतात, नापास होणं सोपं म्हणतात. येणारं उत्तर हातात धरून, पेन खाली ठेवून, घंटा होईपर्यंत बसून राहणं — ते करून बघा एकदा. तुमच्या कमिटीतल्या एकानं तरी करून दावावं!

रोज पेपर देऊन यायची हिंगोलीहून. चपला काढायची. आन खतीजा आतून विचारायची — 'छोड के आई?' — 'छोड के आई, अम्मा.' बस, एवढंच. मग ताट वाढल्याचा आवाज. प्रत्येक पेपराला तेच. छोड के आई? छोड के आई. मी इकडं चुलीपाशी. एके दिवशी मला राहवलं न्हाई, मी देवळीतून गुळाचा खडा सरकवला पलीकडं, पोरीला दे म्हणून, पेपर कसा गेला विचारलंबी न्हाई. पोरगीच म्हणाली पलीकडून, मावशी, चांगला गेला. चांगला गेला म्हणाली!

आन मग, साहेब, निकाल लागला. आन आता ऐका, बाळापूरचे लोक काय म्हणाले. ती फुफी आली न्हाई, दुसऱ्या कुणाच्या तोंडी निरोप धाडला. काय निरोप? — पोरगी हुशार म्हणून आमाला सांगितलं, ती तर थर्ड क्लास निघाली! आमचा पोरगा मास्तर, त्याला लोक हसतील, बायको ढ केली म्हणून. आमी दुसरीकडं बघून राहिलो! असं म्हणाले! ज्यांच्यापायी तिनं सोडलं, त्यांनीच थर्ड क्लास म्हणून सोडली! अरे तुमच्या घराला आग लागो, तुमीच म्हणलात ना वर नको जाऊ द्या? मग खाली गेली तर खाली काहून गेली म्हणता? पोरीनं कुठं राहावं मग? तुमच्या पोराच्या बराबर खांद्याला खांदा, एक मार्क इकडं न्हाई, एक मार्क तिकडं न्हाई, तराजूत बसवून? आन तो मास्तर, तो शिकलेला, त्यानं तरी एक शब्द बोलावा! माझ्यासमोर आला असता ना तो, ह्या उलथन्यानं — मी तर म्हणते बरं झालं! लाख बरं झालं! त्या घरात गेली असती तर जलमभर सोडतच राहिली असती, आज हा प्रश्न सोड, उद्या तो सोड! आन तुमची कमिटी आता तेच करून राहिली! त्यांनी थर्ड क्लास म्हणून सून केली न्हाई, तुमी थर्ड क्लास म्हणून शिष्य करीनात! मग तुमच्यात आन त्या फुफीत फरक काय हो, साहेब? नाकातली मोरनी तेवढी!

... हां. बरं. बसा. मी बोलून गेले. पण खोटं न्हाई बोलले.

निरोप आला त्या दिवशी पोरगी रडली न्हाई. खतीजाबी रडली न्हाई, निदान मला ऐकू आली न्हाई. पाशाभाईला तर आजवर ठाऊक न्हाई, तो अजून म्हणतो, त्या साली पेपर कडक होते. दुसऱ्या दिवशी खतीजानं ट्रंकेमागून मशीन काढली, तेल घातलं, आन मला देवळीतून म्हणाली, जनका, गल्लीत सांग, मी शिवते म्हणून. सांगितलं की मी. एवढं सांगितलं की आपल्या ह्या सेनगावात कुणाचं पोलकं बाहेर शिवायला गेलं न्हाई. पण ते दुसरं न्हाई सांगितलं. मी ऐकलंय हे खतीजाला ठाऊक न्हाई. तिला वाटतं ती आन तिची लेक, दोघींतच हाय. आन लेक तुमच्या कमिटीपुढं उभी राहून म्हणते, कारण काही नाही, मला तेवढेच मिळाले. काहून म्हणते? कळलं ना आता? आईचं नाव कमिटीत नको म्हणून. पाच-सहा चष्मेवाल्यांनी तिच्या आईला अडाणी म्हणू नये म्हणून. तुमी तिला वाचवायला आलात, साहेब, चांगलं मन हाय तुमचं, पण ती आधीच दुसऱ्या कुणाला तरी वाचवून राहिली. म्हणून म्हणते, लिहायचं न्हाई. तिची एम.एस्सी. दावा, तिच्या बाटल्या दावा, ह्या इथल्याच न्या पाहिजे तर, दगडोबाची लाल झाक दावा त्यांना. त्यावर घ्यायचं तर घ्या. दया नको. कारण नको. न्हाई घेतलं तर —

काय? काय खुणावून राहिलात? वर काय बघता? पाल हाय का?

...

मशीन.

साहेब, मशीन कवापासून बंद हाय?

दोरा तुटला असंल. तुटतो तो कधी कधी. — न्हाई, दोरा तुटला की ती शिवी घालते, एक ठरलेली शिवी हाय तिची. बॉबीन भरत असंल. पण बॉबीन भरतानाबी चाक फिरतं. तुमाला ठाऊक होतं? तुमी बसलात भिंतीला पाठ लावून, तुमाला कळलं असंल — आन मला बोलू दिलं? मी केवढ्यानं ओरडून राहिले होते? फुफीपाशी ना? बाई गं.

खतीजा?

ए खतीजा. ऐक, पाहुणे आलेत, मी आपलं असंच, पाहुण्याला बोलण्यात गुंतवून — तुला ठाऊकच हाय माझं तोंड...

बाटल्या हलून राहिल्यात. सरका, साहेब, डोकं काढा तिथून. ती फळी काढून राहिली.

काय? मोठ्यानं बोल, मला — ऐकू आलं. आलं ऐकू. पण, खतीजा, पोरगी तर —

साहेब, ती तुमच्याशी बोलून राहिली, माझ्याशी न्हाई. पदर तोंडावर घेऊन बोलते, तुमाला न्हाई कळायचं, मी सांगते. ती म्हणते — सरांनी लिहून घ्यावं. म्हणते, पोरीनं न्हाई सोडलं, मी सोडवलं. खतीजाबी, चाँद पाशाची बायको, तिनं सोडवलं, असं नाव घालून लिहा. आन अडाणी म्हणतील तर म्हणू द्या, मी हायेच. पण कमिटीला हेबी सांगा म्हणते, की ज्या आईनं सांगितलं होतं सोड, तीच आई आता सांगते की ह्या पोरीला बसवा, आता ती एकबी प्रश्न सोडणार न्हाई. आन सोडला तर — तर काय म्हणालीस? — सोडला तर मी सोता येऊन तिच्या पाठीत धपाटा घालीन, तुमच्या कमिटीपुढं.

लिहा, साहेब. लिहा आता. मी न्हाई म्हणत होते, माझं काही न ऐकता लिहा. पेन हाय ना खिशात?

काय गं? ... मला?

ती — काही न्हाई, साहेब. तुमचं काही न्हाई त्यात. माझ्याशी बोलून राहिली. विचारते, तुला तीन साल ठाऊक होतं? सारी गल्ली सांगत फिरतेस, आन हे पोटात घेऊन तीन साल भाकरी थापत बसलीस, जनका? कशी बसलीस?

चहा संपला ना, साहेब? उठा मग. स्टँडावर जाऊन थांबा, लिंबाखाली चांगली सावली हाय, शहनाज तिथूनच येईल, कॅरेजवर, तुमाला दिसंलच. तिला काही सांगू नका, तिची आई सांगंल. उठा. आमाला दोघींना बोलायचंय.